माहितीदार क्रमांक सात

अक्षर चांगलं असल्याचा एवढा जाच होईल असं श्रावण नगराळेला कधी वाटलं नव्हतं. बाकीची पोरं सकाळी खेड्यांवर जायची, दुपारी परतून पाय पसरायची, चहा मागवायची. आणि हा आपला यवतमाळच्या त्या शाळेतल्या सातवीच्या वर्गात खिडकीशी बसून सगळ्यांचे तक्ते शाईनं उतरवून काढतोय. सदुसष्ट सालच्या नाताळाची सुट्टी. शाळा रिकामी, म्हणून विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र विभागानं पंधरा दिवसांचा मुक्काम तिथे टाकलेला. फळ्यावर कुणाची तरी अर्धी सोडवलेली त्रैराशिकं अजून तशीच. तक्ता सगळ्यांचा एकाच साच्याचा होता : उंची, डोक्याची लांबी, डोक्याची रुंदी, नाकाची रुंदी, अंगावरच्या खुणा, धर्म, तालुका. नावाला रकाना नाही. माहितीदाराचं नाव लिहायचं नाही, नुसता क्रमांक लिहायचा, हा डबीर सरांचा पहिल्या दिवसापासूनचा दंडक. श्रावणनं सहा तक्ते उतरवले आणि सातवा ओढला. अक्षर वर्गमित्र पूनमसिंगचं, कोंबडी नाचून गेल्यासारखं, तारीख ऑक्टोबरच्या सुट्टीतली. क्रमांक सात. स्त्री. वय अंदाजे पन्नास. तालुका राळेगाव. धर्म बौद्ध, पूर्वी महार. डोक्याची लांबी, रुंदी, नाक, सगळं भरलेलं. आणि अंगावरच्या खुणांच्या रकान्यात लिहिलं होतं : डाव्या मनगटाच्या वर मातामायचं गोंदण होतं. छप्पन सालानंतर बाईनं स्वतः बिब्बा लावून जाळलं. जुन्या तांब्याच्या पैशाएवढा व्रण.

श्रावणचं पेन थांबलं. त्या व्रणाशी तो लहानपणी खेळला होता. भाकरी थापताना आईचा हात फिरायचा आणि तो चकचकीत, केस नसलेला गोल डाग तिच्यासोबत फिरायचा. तो त्यावर अंगठा ठेवायचा आणि तिला हसू यायचं. दहा वर्षांचा होता तो, डाग नवा असताना. काय झालं म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, तेल उडालं. पुढे केव्हाही विचारलं तरी तेच. तेल उडालं. अकरा वर्षं तिनं हे तेल जपून ठेवलं होतं, आणि ऑक्टोबरात घरी पाहुणा आलेल्या पूनमसिंगला मात्र चार दिवसांत बिब्बा काढून दाखवला. त्यानं तक्ता उलटा केला, परत सुलटा केला. आईच्या डोक्याची लांबी त्यानं दोनदा वाचली. आपल्या आईचं डोकं मोजावं असं त्याच्या मनातही आलं नव्हतं, आलं असतं तरी हात उचलला नसता. या गड्यानं कॅलिपर लावला कसा? आणि तिनं लावू दिला कसा? पदर मागे सरकवला असेल. डोळे मिटले असतील. हसली असेल कदाचित. ते हसू त्याला दिसलं, आणि ते दुसऱ्याच्या वाट्याला गेलेलं दिसलं.

तक्त्याला टाचणीनं बारा पानं जोडली होती. त्यानं उठून ती उभ्या उभ्या वाचली. मातामाय या देवीच्या पूजेच्या वेळी म्हणायची गाणी : एक बोलावण्याचं, एक बसवण्याचं, एक तिनं केलेल्या मागण्यांचं. कुणी दिवा धरायचा, कुणी निंबाचा डहाळा. माहितीदाराच्या अंगात यायचं, वयाच्या सोळाव्या वर्षापासून, आणि तिच्या आईच्याही यायचं. इथे श्रावण बाकावर बसला. अंगात यायचं. त्याच्या आईच्या. त्याला आठवत होतं ते एवढंच की वर्षातून दोनदा त्याला मामाकडे धाडून द्यायचे, आणि परत आला की घरात निंबाचा वास असायचा, आईचा आवाज बसलेला असायचा, आणि ती दोन दिवस जेवायची नाही. थंडी झाली, असं बाबा म्हणायचे. याच श्रावणनं गेल्या उन्हाळ्यात वही घेऊन तिच्यासमोर तीनदा बसकण मारली होती. माय, जुनं काय काय व्हायचं सांग. आणि ती तुरीच्या काड्या मोडता मोडता म्हणाली होती, मले काई याद नाही बाप्पा. मग गावातल्या आणखी नऊ बायांना विचारलं. त्यांनाही याद नव्हती. त्यावर त्यानं त्रेचाळीस पानांचा निबंध लिहिला. धर्मांतरानंतर जुने विधी आणि गीतं लोकांच्या स्मरणातून पूर्णपणे पुसली गेली आहेत, हा त्याचा निष्कर्ष. चांगला निबंध होता. त्याला अभिमान होता त्याचा. आता तो निबंध त्याच बाकावर, त्याच्याच कोपराखाली पडला होता आणि त्यात एका ओळीलाही अर्थ उरला नव्हता.

डबीर सर कप घेऊन आत आले. सर मूळचे पुण्याकडचे, सावकाश बोलणारे, आणि बोलताना चष्मा पुसायची सवय. "नगराळे, सात नंबर पाहिलात का?" ते म्हणाले. "मला जरा पेच पडलाय. तुम्ही म्हणता कुणालाच काही आठवत नाही. पूनमसिंग म्हणतो एका बाईला सगळं आठवतं. दोघंही राळेगावचंच सांगताय. एवढं सगळं एकाच बाईच्या तोंडून येतं तेव्हा मला शंका येते. पाहुण्याला खूश करायला लोक रचून सांगतात, तुम्हांला ठाऊक आहे. तुम्ही त्या तालुक्याचे, त्याच समाजाचे. सोमवारी सगळ्यांसमोर सांगा, हे खरं वाटतं की रचलेलं. संशोधन साहाय्यकाचं नाव त्यानंतरच कळवीन मी विद्यापीठाला. जागा एकच आहे, हे तुम्ही जाणताच." श्रावण जाणत होता. ती जागा मिळाली तर पुढची तीन वर्षं विद्यापीठात, नाही तर राळेगावच्या शाळेत मास्तरकी, तीही मिळाली तर. सर गेल्यावर त्यानं मनातल्या मनात एक वाक्य जुळवलं. आमच्याकडे असं नव्हतं, सर. चार शब्द. त्यात खोटंही फारसं नव्हतं, त्याच्याकडे नव्हतंच. त्याच्या वाट्याला कुठे आलं होतं काही?

पूनमसिंग धुळीनं माखून आला आणि बाकावर बसून श्रावणच्याच कपातला उरलेला चहा प्याला. उंच, खांदे रुंद, कानात बाळी. पुसदजवळच्या बंजारा तांड्यातला. "काय यार, तोंड असं काहून केलंस?" श्रावणनं तक्त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "सात नंबर कोण?" कप खाली ठेवून पूनमसिंग म्हणाला, "नाव सांगायचं नाही असा नियम आहे ना?" "मला पण नाही?" "तुला तर नाहीच," पूनमसिंग म्हणाला, आणि उठून नळावर हात धुवायला गेला. म्हणजे तिनं त्याला शपथ घातली असणार. म्हणजे दोघांचं एक गुपित होतं, आणि ते राखायचं होतं ते याच्यापासून. गुपित राखतोय म्हणून त्याचा राग यावा की त्यानं राखू नये असं वाटावं, हे श्रावणला ठरवता येईना. त्याला एवढंच कळत होतं की पूनमसिंग शब्दाला जागणारा आहे, आणि त्यामुळे तो आणखीच सहन होत नव्हता.

शनिवारी दुपारी घरी जाऊन येतो असं सांगून त्यानं राळेगावची यष्टी पकडली. खिडकीची काच अर्धीच वर जात होती आणि कळंबपर्यंत धूळ तोंडात येत राहिली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणीवर बायांच्या रांगा. श्रावणला कापूस दिसतच नव्हता. त्याला दोन वर्षांपूर्वीचा तो वर्ग दिसत होता, विभागातला पहिला आठवडा, डबीर सरांनी पेटीतून कॅलिपर काढून म्हटलेलं, कुणी पुढे येता का? कुणी उठेना. सरांनी श्रावणला बोलावलं. गार लोखंड दोन्ही कानांच्या वर टेकलं आणि पंचवीस पोरं बघत राहिली. मध्यम शिर, असं सर म्हणाले, आणि त्याला वाटलं आता पुढे जात निघणार. सर मात्र हसून म्हणाले, "डोकी मोजून जात सापडत नाही, एवढं सिद्ध करण्यासाठीच आपल्याला ही डोकी मोजायची आहेत." त्या एका वाक्यासाठी श्रावण या विषयात राहिला. त्याच्या वडिलांनी, डोमाजींनी, मरेपर्यंत जे छातीठोकपणे सांगितलं होतं ते इथे कुणी आकड्यांनी सांगत होतं. पण तेवढ्यात मागून पूनमसिंग उठला होता. "सर, माझं मोजा. माझं मोठं निघंल." सगळा वर्ग हसला, सर हसले. डोकं मोजून घेणं ही गंमत असू शकते हे श्रावणला तेव्हा कळलं, आणि ती गंमत आपल्याला कधी करता येणार नाही हेही.

तिथून सुरू झालं ते संपलंच नाही. पूनमसिंगकडे सगळं होतं. बोली होती, सरांनी तिच्यातले दोन शब्द शिकून घेतले आणि येता-जाता ते त्याच्यावर वापरायचे. आरशांचे घागरे होते, होळीची गाणी होती, आणि हे सगळं भरभरून देणारी आई होती. विभाग तांड्यावर गेला तेव्हा त्याच्या आईनं, हंसाबाईनं, हस्तिदंती चुडे कोपरापर्यंत चढवले आणि ध्वनिमुद्रण यंत्रापुढे मांडी घालून दुपारभर गायली. मध्येच थांबून, सरांना चहा मिळाला का, असं विचारत होती. श्रावण यंत्राची वायर धरून बसला होता. आपल्या आईला तिथे बसवून पाहण्याचा त्यानं प्रयत्न केला. पांढरं लुगडं, गळ्यात काळे मणीसुद्धा नाहीत, मागे भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. यंत्राला काय देणार ती? छप्पन साली बाबा नागपूरहून पांढरे कपडे घालून परत आले आणि दुसऱ्या दिवशी घरातले सगळे शेंदराचे गोटे टोपल्यात भरून वर्धेच्या पात्रावर नेले. अर्ध्या वाटेत टोपलं श्रावणच्या डोक्यावर दिलं होतं. जड होतं. यातला कोण कोणता देव, असं त्यानं विचारलं, तर आई म्हणाली, देव नाहीत रे, गोटे आहेत, पाय उचल. पाण्यात पडताना एकेक गोटा डुबुक करून गेला आणि त्याला एवढा आनंद झाला की त्यानं शेवटचा स्वतः फेकला. त्या आनंदाला तो आजही नाकारत नव्हता. पण विद्यापीठात आल्यावर कळलं, की ज्याच्याकडे गोटे आहेत त्याच्याकडे लोक वही घेऊन येतात, आणि ज्यानं ते पाण्यात सोडले त्याला विचारतात, तुमच्याकडे मग बघण्यासारखं काय? असं कुणी तोंडानं म्हणालं नव्हतं. म्हणायची गरजही नव्हती.

आणि पूनमसिंगला घरी नेलं कुणी? यानंच. ऑक्टोबरच्या सुट्टीत, चल आमचं गाव बघ, म्हणून. मिरवायचं होतं थोडं, खरं सांगायचं तर. एवढा मोठा विद्यापीठातला मित्र माझ्या घरी जेवतो, हे आईला दाखवायचं होतं. आणि नेल्यावर दोन दिवस श्रावण स्वतः राळेगावच्या कचेरीत जाऊन बसला, कारण शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला हवा होता आणि कारकून विचारत होता, काय लिहू? बौद्ध लिहिलं तर एक सवलत जाते, जुनं लिहिलं तर बाप थडग्यातून उठून विचारेल, हेच का? दोन दिवस श्रावण त्या बाकावर बसून होता, आपण कोण ते कागदावर यावं म्हणून. आणि त्याच दोन दिवसांत, तिकडे पाच मैलांवर, त्याच्याच घराच्या ओसरीत, ते सगळं त्याच्या आईच्या तोंडून पूनमसिंगच्या वहीत उतरत होतं. यष्टी खड्ड्यात आदळली आणि श्रावण एकटाच हसला. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याच्याकडे बघून पिशवी जवळ ओढली. त्याला आता आठवलं, दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला तो घंटी वाजवत सायकलवरून अंगणात शिरला तेव्हा दोघं एकदम गप्प झाली होती. आईनं पदर सावरला होता. पूनमसिंगनं वही मिटली होती. तेव्हा त्याला वाटलं होतं, आपल्याबद्दल बोलत असतील, आपलं कौतुक. आमच्याकडे असं नव्हतं, सर. चार शब्द. त्यानं ते राळेगाव येईपर्यंत घोकले.

राळेगावहून पाच मैल चालून तो घरी पोचला तेव्हा आई नुकतीच वेचणीवरून आली होती. लुगड्याला कापसाचे तंतू चिकटलेले, बोटांना बोंडांच्या चिरा. ओसरीवर बसून ती तुरीच्या हिरव्या शेंगा निवडत होती. त्याला पाहून उठली नाही, नुसतं सुपड्याकडचं पोतं त्याच्याकडे सरकवलं. "काहून आला? आठ दिस होते ना अजून तुह्ये?" "आलो सहज." "सहज कोनी यष्टीत बसत नाई," रुखमाबाई म्हणाली. "जेवला?" तो बसला. शेंगा सोलायला लागला. ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलं होतं. सरळ विचारावं की फिरवून, हे ठरवायच्या आत त्यानं तिचा डावा हात धरला आणि त्या गोल डागावर अंगठा ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा. ती हसली नाही.

"हे तेलानं भाजलेलं होय ना?"

तिनं त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. "पूनमनं सांगतलं?"

"थ्यानं नाही सांगतलं. इचारलं तरी नाही सांगतलं. म्या वाचलं."

"म्हंजे लिवलं त्यानं," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान आलं, उसनं दिलेलं भांडं घासूनपुसून परत आल्यावर येतं तसं. "बरं केलं. म्या म्हनलं होतं, लिव म्हनून."

तिथे श्रावणचा बांध फुटला. आवाज चढवायचा नाही असं त्यानं यष्टीत ठरवलं होतं, चढला. "मले काहून नाही सांगतलं माय? तीनदा वही घेऊन बसलो तुह्याम्होरं. तू म्हने मले काई याद नाही. म्या तसं लिवलं. त्रेचाळीस पानं लिवली. अन् थो आला, परक्या जातीचा, परक्या बोलीचा, चार दिस राह्यला, तं त्याले गानी बी याद आली तुले, अन् बिब्बा बी याद आला. डोस्कं बी मोजू देलं. मी तुह्या पोटचा होय का थो?" शेजारची पंचफुला कुडावरून डोकावली आणि पुन्हा आत गेली. आईनं हात सोडवून घेतला आणि एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले, साल बाजूला टाकलं. मग दुसरी. तिसरी सोलताना ती बोलली, आवाज अजिबात न चढवता.

"दवाखान्यात बाई जाते तं डाक्टर पाह्यते. पोटाले हात लावते, लुगडं सरकवते. चालते थे. पोरगं चालते का तिथं?"

"म्या काय तसं..."

"आयक. म्या त्या वक्ती केस सोडून घुमत होती. लोकायच्या पायात लोळत होती. तुह्या बापानं मले थ्यातून काढलं, बाबासाहेबाच्या नावानं काढलं. बिब्बा लावला तवा तीन दिस हात सुजून होता, पन म्या रडली नाही. थे तुले कायले दाखवू? तू मले असं पाह्यलं नव्हतं. तू पाह्यलेली माय येगळी. थे तुह्यापाशी राहू दे म्हनलं." ती थांबली. "अन् त्याले काहून सांगतलं, तं त्याले देलं तं थो घेऊन जाईन. आपल्या घरातून जाईन थे. तुले देलं असतं तं तू घरातच ठेवलं असतं."

श्रावण तुरीच्या सालांकडे बघत राहिला. हे उत्तर त्यानं मागितलं नव्हतं. त्याला वाटलं होतं ती म्हणेल, थो गोड बोलते, किंवा म्हणेल, चुकलं माह्यं. या उत्तरात तिची माया होती, सगळी त्याच्याच बाजूला. आणि तरीही त्यातून त्याला काही मिळालं नव्हतं. जे मिळायचं होतं ते पुसदच्या तांड्यातल्या पोराच्या वहीत गेलं होतं, मायेपोटीच गेलं होतं. माया आहे म्हणून हेवा संपतो असं कुणी सांगितलं असेल तर ते साफ खोटं आहे. श्रावणला उलट आणखी जळजळ झाली. पूनमसिंगला तिनं घुमणारी रुखमा दिली होती, सोळा वर्षांची, केस सोडलेली. याला भाकरी थापणारी आई दिली होती. दोघींतली कोणती मोठी, हे श्रावणला कुठल्या कॅलिपरनं मोजता येणार होतं?

रविवारी सकाळी त्याची यष्टी होती. आईनं शेंगा उकडून फडक्यात बांधल्या, दोन पुरचुंड्या, एक लहान, एक मोठी. मोठी पूनमसिंगसाठी. हे पाहून श्रावणच्या कपाळावर जे उठलं ते आईनं पाहिलं असणार, कारण फाट्यापर्यंत चालताना ती मध्येच थांबली आणि पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत म्हणाली, "त्याले एक सांगजो. एक गानं राह्यलं."

"कोणतं?"

"पाठवणीचं. बोलावली, बसवली, मागणं आयकलं. पाठवाची राह्यली. म्या सांगायले घेतलं तं तू आला घंटी वाजवत. मंग मी चूप झाली." ती खाली बघत बोलत होती. "तवापासून डोस्कं जड राह्यते माह्यं. मी मानत नाई काई. तुह्या बापाची शप्पत, नाई मानत. पन येचाले कापसाचं तास, एक ओळ, धरलं तं शेवटापोत जा लागते. अर्ध्यात टाकत नाई म्या."

श्रावणनं पिशवीत हात घातला. मागे उन्हाळ्यात तो वही घेऊन आला होता तशी वही आताही पिशवीत होती. "माय, मले सांग. म्या लिवतो. म्या नेतो त्याच्यापाशी."

"नाई," ती म्हणाली. तिनं त्याच्या शर्टावरचा कापसाचा तंतू काढला, आणि तो टाकायला कुठे जागा नाही म्हणून बोटातच धरून ठेवला. "ज्याच्याम्होरं बोलावली त्याच्याम्होरंच पाठवा लागते. तसंच राह्यते थे. त्याले म्हन, आठा दिसात ये."

परतीच्या यष्टीत दोन्ही पुरचुंड्या मांडीवर होत्या. त्यानं दोन्ही सोडल्या आणि मोठीतल्या मूठभर शेंगा लहानीत घातल्या. मग थोड्या परत काढल्या. मग सगळ्या जशा होत्या तशा ठेवल्या आणि स्वतःचीच लाज वाटून खिडकीबाहेर पाहिलं. चार शब्द अजून तोंडात होतेच. सोमवारी ते म्हटले की संपलं. सर मान हलवतील, पूनमसिंगची बारा पानं पेटीत पडतील, पूनमसिंग तोंड उघडणार नाही कारण शपथ घातलेली आहे. तो पुन्हा राळेगावला जाणार नाही, कारण जाऊन करायचं काय? जागा श्रावणची. नाव नगराळे, विद्यापीठात. आणि पाच मैल आत त्या ओसरीवर त्याची आई, डोकं जड, बोलावलेली आहे आणि पाठवलेली नाही, अशी. ती मानत नाही. बाबांची शपथ, नाही मानत. तरी कापूस वेचताना कपाळाला हात लावत राहील. कळंबला माणसं चढली-उतरली, कुणीतरी त्याच्या पायावर पाय दिला. त्याला हे सगळं पूनमसिंगकडून हिसकावून घ्यायचं होतं, आणि हिसकावून घेण्यासाठी त्यानं घरी जायला पाहिजे होतं, आणि घरी गेल्यावर कळलं की ते घेता येत नाही, फक्त अर्धवट ठेवता येतं.

सोमवारी दहाला सगळे सातवीच्या वर्गात जमले. त्रैराशिकं कुणीतरी पुसली होती. पूनमसिंगनं बारा पानं वाचली, अडखळत, आणि गाण्यांच्या चाली म्हणायची वेळ आली तिथे नुसते शब्द वाचले. ती चाल त्याला येत होती हे श्रावणला त्याच्या टेकलेल्या बोटांवरून कळलं; बोटं बाकावर ठेका धरत होती. तिनं बसून शिकवली असणार. पूनमसिंगनं वाचून संपवलं आणि त्याच्याकडे बघितलं नाही, एकदाही नाही. डबीर सरांनी चष्मा पुसला.

"मग नगराळे? तुमचं मत महत्त्वाचं आहे. खरं की रचलेलं?"

श्रावण उभा राहिला. चार शब्द जिभेवर आले, अगदी तयार, शुद्ध भाषेत. त्यानं आपली त्रेचाळीस पानं हातात घेतली, त्यांची घडी केली, परत उलगडली. "खरं आहे, सर," तो म्हणाला. "माझा निबंध चुकला."

वर्गात कुजबुज झाली. सर म्हणाले, "एवढ्या खात्रीनं कसं सांगता?"

"अपुरं आहे म्हणून. एक गाणं राहिलंय त्यात. पाठवणीचं."

पूनमसिंगची मान वर झाली. सर पुढे झुकले. त्यांच्या डोळ्यांत वही उघडल्याची चमक आली, श्रावणनं ती दोन वर्षं पूनमसिंगवर पडलेली पाहिली होती आणि आता पहिल्यांदाच ती त्याच्यावर पडली होती. "तुम्हांला येतं ते? म्हणून दाखवाल?"

"नाही," श्रावण म्हणाला. त्यानं खिडकीतली मोठी पुरचुंडी उचलली आणि पूनमसिंगच्या बाकावर ठेवली. "मला नाही सांगणार ती. यालाच सांगणार आहे. आठ दिवसांत बोलावलंय."

"कोण ती?" डबीर सरांनी विचारलं, आणि नियम आठवून लगेच हात वर केला, की नको, नाव नको. पण तोवर श्रावणच्या तोंडून निघून गेलं होतं, दोन वर्षं या वर्गात जपलेली शुद्ध भाषा सोडून, सगळ्यांसमोर.

"माही माय."